क्रिएटिनिन ४.१ आले आहे, डायलिसिस टाळता येईल का?

प्रश्न थोडक्यात असा: वडील ५८ वर्षांचे, मधुमेह चौदा वर्षांचा, बीपीच्या गोळ्याही चालू. पायांवर सूज आली म्हणून रक्त तपासले तर क्रिएटिनिन ४.१ निघाले. किडनीच्या डॉक्टरांनी डाव्या हातावर फिस्टुलाचे, म्हणजे पुढच्या डायलिसिसच्या सुयांसाठी शीर तयार करण्याचे, ऑपरेशन करून घ्यायला सांगितले. घरचे म्हणतात, "एवढ्यात कशाला? लघवी तर व्यवस्थित होते. एकदा मशीनवर घेतले की सुटका नाही." गावाकडून एका काढ्याचा पत्ताही आला आहे. किडनी कशाने गेली, ती परत येईल का आणि आता करायचे काय, हे मुलाने विचारले आहे.

आधी सरळ उत्तर देतो. तुम्ही लिहिलेल्या माहितीवरून हा जुना, हळूहळू वाढत आलेला आजार दिसतो, आणि त्यात गेलेले काम परत येत नाही. पुढे कधीतरी डायलिसिस किंवा प्रत्यारोपण लागण्याची शक्यता मोठी आहे. मात्र ते कधी लागेल, आणि रात्री दोन वाजता धाप लागलेल्या अवस्थेत गळ्यात नळी घालून सुरू होईल की ठरवलेल्या दिवशी वडील स्वतः चालत जाऊन सुरू करतील, यावर अजून बरेच काही करता येते. तुमच्याजवळ काही महिने आहेत, कदाचित वर्ष-दोन वर्षेही. या आजारात हा काळ सर्वांत मोलाचा असतो, आणि बऱ्याच घरांत नेमका तोच दुसऱ्या-तिसऱ्या डॉक्टरांकडे फिरण्यात आणि बाटल्या आणण्यात जातो. म्हणून इतके लांब लिहितो आहे.

पहिल्यांदा तो आकडा समजून घ्या. क्रिएटिनिन हा स्नायूंच्या रोजच्या झिजेतून तयार होणारा पदार्थ. किडनी तो बाहेर टाकते, तिचे काम मंदावले की रक्तात साठतो. पण तो सरळ रेषेत वाढत नाही, आणि इथेच सगळ्यांची गफलत होते. तुमच्या वडिलांच्या वयाच्या पुरुषात क्रिएटिनिन १ असेल तर किडनीची गाळण्याची क्षमता, म्हणजे रिपोर्टवर 'ईजीएफआर' म्हणून लिहिलेला आकडा, साधारण ८७ असतो. क्रिएटिनिन २ झाले की ती ३८ वर येते. म्हणजे १ चे २ होताना निम्म्याहून अधिक काम गेलेले असते. पुढे ६ चे ७ होताना ती १० वरून जेमतेम ८ होते. घरचे मात्र १ चे २ झाले तेव्हा 'थोडेसे वाढले आहे' म्हणतात आणि ६ चे ७ झाले की रडारड सुरू होते. वडिलांच्या ४.१ चा हिशेब केला तर ईजीएफआर १६ च्या आसपास येतो. १५ च्या खाली गेले की त्याला शेवटचा, पाचवा टप्पा म्हणतात. तुम्ही त्याच्या उंबरठ्यावर आहात.

बायकांच्या बाबतीत हा आकडा आणखी फसवतो, कारण स्नायू कमी असल्याने क्रिएटिनिन मुळातच कमी असते. साठीच्या स्त्रीला १.४ आले तर लॅबच्या छापील मर्यादेपेक्षा ते किंचितच वर दिसते, आणि प्रत्यक्षात ईजीएफआर ४३ पर्यंत उतरलेला असतो. घरातल्या बाईच्या रिपोर्टवर १.४ दिसले आणि कोणी 'चालतंय' म्हणाले, तर तेवढ्यावर थांबू नका.

'लघवी तर व्यवस्थित होते' हे वाक्य मी जवळजवळ प्रत्येक घरातून ऐकतो. दोन्ही किडन्या मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातला बहुतेक सगळा परत रक्तात घेतात. लघवी म्हणून बाहेर पडते ती दीड-दोन लिटर. गाळणे दहा टक्क्यांवर आले तरी दीड लिटर लघवी होऊ शकते, फक्त तिच्यातून कचरा पुरेसा जात नाही. तेव्हा लघवीच्या प्रमाणावरून किडनीची तब्येत ठरवता येत नाही.

आता हे कशाने झाले? प्रत्येक किडनीत जवळपास दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात. रक्तातली साखर वर्षानुवर्षे जास्त राहिली की या गाळण्यांवरचा दाब वाढतो, त्यांच्या भिंती जाड आणि सच्छिद्र होतात आणि एरवी कधीच न सुटणारे अल्ब्युमिन नावाचे प्रथिन लघवीतून झिरपू लागते. बीपी वाढलेले असेल तर तेच नुकसान दुपटीने होते, आणि किडनी बिघडली की बीपी आणखी वाढते. हे चक्र दहा-पंधरा वर्षे कसलाही त्रास न देता चालते. दुखत नाही, खुपत नाही. लघवीला फेस येतो, पण तो कोण बघतो? सूज, मळमळ, अंगाला खाज, भूक मरणे, थोडे चालले की दम लागणे, ही लक्षणे दिसू लागतात तोपर्यंत बरेचसे काम गेलेले असते.

तरीही 'मधुमेह आहे म्हणजे मधुमेहानेच गेली' असे न तपासता धरून चालू नये. वडिलांच्या डोळ्यांचा पडदा तपासून घ्या. मधुमेहाने किडनी इतकी खराब केली असेल तर बहुतेक वेळा डोळ्यांच्या पडद्यावरही त्याच्या खुणा दिसतात. पडदा अगदी स्वच्छ असेल, लघवीत रक्तपेशी दिसत असतील किंवा क्रिएटिनिन चार-सहा महिन्यांतच झपाट्याने वाढले असेल, तर दुसरा आजार शोधायला हवा आणि प्रसंगी बायोप्सी करावी लागते. सोनोग्राफीत किडन्या आठ सेंटिमीटरपर्यंत आकसलेल्या असतील तर आजार जुना हे नक्की. मधुमेहात मात्र शेवटच्या टप्प्यातही आकार दहा-अकरा सेंटिमीटर, म्हणजे नेहमीसारखाच राहू शकतो. 'साइज नॉर्मल आहे' असे रिपोर्टवर वाचून निश्चिंत होऊ नका.

आणखी एक गोष्ट जरूर पाहा: लघवीला अडथळा आहे का. वाढलेली प्रोस्टेट, मूत्रनलिकेत अडकलेला खडा, बायकांमध्ये गर्भाशयमुखाचा कर्करोग, यांनी लघवी मागे तुंबते आणि किडन्या फुगतात. अडथळा वेळेत काढला तर बरेच काम परत मिळते. पन्नाशी उलटलेल्या पुरुषाचे क्रिएटिनिन वाढले की ही शंका मनात आलीच पाहिजे.

बाकीची कारणे थोडक्यात सांगतो. गाळण्यांना सूज आणणारे काही आजार तरुणांतही होतात आणि त्यांतले अनेक औषधाने आटोक्यात येतात. किडनीत पाण्याच्या गाठी भरण्याचा एक आजार घराण्यात चालत येतो. आणि दुखण्याच्या गोळ्या! डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, अ‍ॅसिक्लोफेनॅक, निमेसुलाइड. गुडघे दुखतात म्हणून मेडिकलमधून रोज आणून खाल्लेल्या या गोळ्यांनी आधीच थकलेल्या किडन्या बसवल्याचे मी सारखे बघतो. वडिलांना यापुढे ही औषधे पूर्ण बंद. दुखले तर पॅरासिटामॉल, तेही विचारून.

शेतात राबणाऱ्यांचा एक वेगळा आजारही जगात दिसतो. आंध्रातील उद्दानम, श्रीलंकेचा उत्तर-मध्य प्रांत, मध्य अमेरिकेतले उसाचे मळे, इथे मधुमेह नाही, बीपी नाही, अशा माणसांच्या किडन्या ऐन कामाच्या वयात जातात. कारण अजून पक्के ठरलेले नाही. भर उन्हातले काबाडकष्ट आणि शरीरातले पाणी वारंवार आटणे यावर बऱ्याच अभ्यासकांचा संशय आहे. आपल्याकडे विदर्भातल्या खारपाण पट्ट्यात लोक किडनीच्या आजारांचा संबंध खारट पाण्याशी लावतात, तोही अजून सिद्ध व्हायचा आहे. पण ऊसतोडीच्या फडात आडोसा नाही म्हणून दिवसभर पाणीच न पिणाऱ्या बायकांना मी लघवीच्या संसर्गाने तळमळताना पाहिले आहे. त्यासाठी संशोधनाची वाट बघायची गरज नाही. तिथे पाणी आणि संडास हवा.

'मशीनवर घेतले की सुटका नाही' ही समजूत कुठून आली ते सांगतो. किडनी निकामी होण्याचे दोन अगदी वेगळे प्रकार आहेत. एक अचानक होणारा: जुलाब-उलट्यांनी शरीर कोरडे पडणे, लेप्टो (उंदरांच्या लघवीतून पसरणारा ताप), मलेरिया, डेंग्यू, घोणस चावणे, बाळंतपणातला मोठा रक्तस्राव, रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईत लेप्टोचे जे रुग्ण आले, त्यांच्यात हाच प्रकार होता. अशा रुग्णाला काही दिवस किंवा आठवडे डायलिसिस द्यावे लागते, किडनी सावरली की ते बंद होते आणि माणूस घरी जातो. दुसरा प्रकार तुमच्या वडिलांचा, तीन महिन्यांहून जास्त काळ चालत आलेला. यात डायलिसिस सुटत नाही, कारण किडनीचे कामच संपलेले असते. डायलिसिसची सवय लागत नाही आणि त्याच्यामुळे किडनी बंदही पडत नाही. हा गैरसमज घरातल्या सगळ्यांना एकत्र बसवून दूर करा. या एका भीतीपोटी माणसे फुप्फुसात पाणी भरेपर्यंत थांबतात.

मशीनवर असलेला माणूस अंथरुणालाच खिळतो, असेही अनेकांना वाटते. आणीबाणीत १९७५ साली चंदीगडला स्थानबद्ध असताना जयप्रकाश नारायण यांच्या किडन्या निकामी झाल्या. त्यांना मुंबईच्या जसलोक रुग्णालयात आणून डायलिसिस सुरू केले. त्यानंतर १९७७ ची निवडणूक आणि जनता पक्षाची उभारणी त्यांनी डायलिसिसवर असतानाच पाहिली आणि घडवली. ऑक्टोबर १९७९ मध्ये ते गेले, म्हणजे सुरुवातीपासून जवळजवळ चार वर्षांनी. तेव्हाची यंत्रे आजच्या मानाने किती ओबडधोबड होती! आज शिक्षक, रिक्षाचालक, दुकानदार आठवड्यात तीन दिवस डायलिसिस करून उरलेल्या दिवसांत कामावर जातात.

काढ्याबद्दल. वैद्यकशास्त्राच्या कोणत्याही शाखेबद्दल माझ्या मनात तिरस्कार नाही. पण लेबल नसलेली बाटली आणि कागदाच्या पुड्या यांत काय आहे हे देणाराही सांगत नाही. काही भस्मांत आणि पुड्यांत पारा, शिसे, आर्सेनिक सापडले आहे, काही वनस्पतींमधले अ‍ॅरिस्टोलोकिक आम्ल किडनी कायमची निकामी करते, आणि बऱ्याच काढ्यांत पोटॅशियम भरपूर असते, जे थकलेल्या किडनीमुळे रक्तात साठले की हृदयाचे ठोके बिघडवते. धडधाकट माणसाला जे पचते ते १६ टक्क्यांच्या किडनीला पचत नाही. घरगुती उपायांतही सांभाळा. कमरखाच्या फळाने (स्टारफ्रूट) किडनीच्या रुग्णाला न थांबणारी उचकी, गुंगी, झटके येतात आणि मृत्यूही झालेले आहेत. कोलेस्टेरॉल उतरावे म्हणून बिलिंबी या त्याच जातीच्या आंबट फळाचा रस पिऊन चांगल्या किडन्या गेल्याची नोंद केरळमधल्या डॉक्टरांनी केली आहे. पारा असलेल्या गोरेपणाच्या क्रीमनेही किडनीला इजा होते. वडिलांच्या पोटात आणि अंगावर जे जे जाते, ते सगळे एका पिशवीत घालून डॉक्टरांसमोर टेबलावर ठेवा.

एक फसवी 'सुधारणा' आधीच सांगून ठेवतो. किडनी थकत जाते तसे शरीरातले आणि टोचलेले इन्सुलिन जास्त वेळ टिकते. त्यामुळे साखर आपोआप उतरू लागते. घरात आनंद होतो, काढ्याला श्रेय मिळते. खरे तर ते आजार वाढल्याचे चिन्ह असते, आणि जुन्याच डोसवर इन्सुलिन किंवा गोळ्या चालू राहिल्या तर पहाटे साखर एकदम खाली जाऊन माणूस बेशुद्ध पडतो. डोस लगेच कमी करून घ्या. ईजीएफआर ३० च्या खाली गेल्यामुळे मेटफॉर्मिन अजून चालू असेल तर डॉक्टरांशी बोलून थांबवायला हवे. हिमोग्लोबिन उतरलेले असले की तीन महिन्यांच्या सरासरीची एचबीए१सी तपासणीही नीट आकडा देत नाही, म्हणून घरच्या ग्लुकोमीटरवर भिस्त ठेवा.

आजाराचा वेग कमी करणारी औषधे आहेत, आणि गेल्या काही वर्षांत ती बरीच सुधारली आहेत. बीपी १३०/८० च्या खाली आणणे सर्वांत महत्त्वाचे. त्यासाठी टेल्मिसार्टन, लोसार्टन, रॅमिप्रिल या गटांतले औषध गाळण्यांवरचा दाब हलका करते. सुरू केल्यावर क्रिएटिनिन थोडे वाढते. तीस टक्क्यांपर्यंतची वाढ आम्ही चालवून घेतो, पोटॅशियम मात्र एक-दोन आठवड्यांत तपासतो. किडनी फार उतरली की ही गोळी बंद करावी का, यावर बरीच वर्षे वाद होता. २०२२ मध्ये ब्रिटनमधल्या एका मोठ्या चाचणीत ती बंद केल्याने किडनी सुधारत नाही असे दिसले. म्हणून पोटॅशियम काबूत असेल तर घाईने थांबवू नका.

दुसरे औषध डापाग्लिफ्लोझिन आणि त्याच्या गटातले एम्पाग्लिफ्लोझिन. मूळची मधुमेहाची ही औषधे किडनीचा ऱ्हास ठळकपणे मंदावतात, मधुमेह नसलेल्यांतही, हे २०२० नंतरच्या मोठ्या चाचण्यांनी दाखवले. पेटंट संपल्यामुळे भारतात ती आता स्वस्त मिळतात. ईजीएफआर २० च्या वर असेल तर नव्याने सुरू करतात. वडिलांना आधीपासून चालू असतील तर चालू ठेवता येतील. नसतील तर तुमच्या डॉक्टरांशी बोला, पण माझ्या मते या टप्प्यावर फार आशा धरू नका. हेच औषध पाच वर्षांपूर्वी मिळाले असते तर चित्र वेगळे असते, आणि म्हणूनच शेवटी तुमच्या स्वतःच्या तपासणीबद्दल लिहिले आहे.

पथ्याबद्दल घरोघरी इतकी भीती असते की माणूस उपासमारीने खचतो. डाळ बंद, भाजी बंद, फळ बंद, उरले काय? मीठ दिवसाला पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट चमचाभर, त्यात लोणचे, पापड, फरसाण, चटण्या सगळे आले. एवढे एकच पथ्य नीट पाळले तरी सूज आणि बीपी दोन्ही उतरतात. बाजारातले 'लो सोडियम' मीठ आणू नका, त्यात पोटॅशियम क्लोराइड असते. प्रथिने वजनाच्या प्रत्येक किलोमागे दिवसाला ०.६ ते ०.८ ग्रॅम, म्हणजे साठ किलोच्या माणसाला चाळीस-पंचेचाळीस ग्रॅम. डाळ, दही, अंडे मोजून खाता येते. डायलिसिस सुरू झाल्यावर उलट प्रथिने वाढवावी लागतात, हे लक्षात ठेवा, कारण बरेच जण जुनेच पथ्य पुढे ओढतात आणि अंगावरचे मांस गमावतात. पोटॅशियम वाढलेले असेल तरच शहाळे, केळे, मोसंबीचा रस, सुकामेवा टाळायचा आणि बटाटा-पालेभाजी चिरून, उकळून, ते पाणी फेकून शिजवायची. 'किडनी धुऊन निघेल' म्हणून चार-चार लिटर पाणी पाजू नका. पायांवर सूज आहे, ते पाणी फुप्फुसांत जाईल.

आता ज्या ऑपरेशनवरून घरात वाद आहे त्याकडे येतो. फिस्टुला म्हणजे डायलिसिस नव्हे. मनगटाजवळ किंवा कोपरापाशी एक धमनी शेजारच्या शिरेला जोडतात. धमनीचा जोर मिळाल्याने ती शीर फुगते, जाड होते आणि मग तिच्यातून आठवड्यात तीनदा दोन सुया घालता येतात. अमेरिकेत ब्रेशिया आणि सिमिनो यांनी १९६६ मध्ये ही युक्ती जगापुढे मांडली आणि आजही तिच्याहून चांगला मार्ग निघालेला नाही. भूल फक्त हातापुरती, बहुतेक रुग्ण त्याच दिवशी घरी जातात. शीर तयार व्हायला सहा ते आठ आठवडे, मधुमेहात कधी तीन महिने लागतात, आणि काहींची पहिल्या खेपेस बंदही पडते. म्हणून ते आधी करायचे. ज्यांनी केले नाही त्यांना ऐनवेळी मानेच्या शिरेत नळी घालावी लागते. त्या नळीतून जंतू थेट रक्तात जातात. थंडी वाजून ताप येणे, पुन्हा भरती, पुन्हा खर्च, आणि त्यात दगावणारेही पुष्कळ. फिस्टुला करून ठेवला आणि दोन वर्षे लागलाच नाही, तर काही बिघडत नाही.

आजपासून डाव्या हाताच्या शिरा जपा. उजवखोरा माणूस असेल तर डाव्या हातातून रक्त काढू देऊ नका, सलाईन लावू देऊ नका. काढायचेच असेल तर तळहाताच्या मागच्या बाजूने. ऑपरेशननंतर त्या हातावर बीपी मोजायचे नाही, घट्ट घड्याळ-बांगडी नको, उशाला हात घेऊन झोपायचे नाही. रोज सकाळी बोटे ठेवून शिरेची थरथर लागते का ते पाहायचे. थरथर थांबली तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे.

याच काळात हिपॅटायटिस बी ची लस दुप्पट डोसमध्ये पूर्ण करून घ्या. हिमोग्लोबिन कमी असेल तर लोह आणि एरिथ्रोपोएटिनची (रक्तपेशी वाढवणाऱ्या संप्रेरकाची) इंजेक्शने घ्यावीत. रक्त चढवायला सहज हो म्हणू नका. दुसऱ्याच्या रक्तामुळे शरीरात अशी प्रतिद्रव्ये तयार होऊ शकतात की पुढे जुळणारी किडनी मिळणे कठीण होते. हे छोट्या दवाखान्यात बहुधा कोणी सांगत नाही.

डायलिसिस सुरू कधी करायचे? केवळ आकड्यावर नाही. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये झालेल्या आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत लवकर सुरू केलेले आणि लक्षणे येईपर्यंत थांबलेले, दोन्ही गट सारखेच जगले. ईजीएफआर ८-९ असूनही माणूस जेवतो, झोपतो, चालतो आणि पोटॅशियम ठीक असेल, तर बारीक लक्ष ठेवून थांबता येते. जेवण जात नसेल, सकाळी उलट्या होत असतील, गोळ्यांनी सूज-धाप आवरत नसेल, पोटॅशियम चढत असेल, तर थांबायचे नाही. उताणे झोपता न येणारी धाप, लघवी एकदम घटणे, गुंगी किंवा असंबद्ध बोलणे, हातापायांतली शक्ती अचानक जाणे, यांपैकी काहीही झाले तर सकाळची वाट न बघता रात्रीच रुग्णालय गाठा.

मशीनवर एका वेळी चार तास लागतात. रक्त बारीक धाग्यांसारख्या हजारो नळ्यांतून जाते, बाहेरून शुद्ध केलेले पाणी आणि क्षार वाहतात, एका खेपेला सुमारे १२० लिटर. आठवड्यातून तीन खेपा योग्य. खर्चामुळे आपल्याकडे बरेच जण दोनच करतात, आणि त्यांना मीठ-पाण्याचे पथ्य फार कडक लागते. दुसरा पर्याय पोटाच्या डायलिसिसचा: पोटात मऊ नळी बसवून घरीच दिवसातून तीन-चारदा दोन लिटर द्रव सोडायचा आणि काढायचा. सेंटर लांब असलेल्या गावात, हृदय कमजोर असलेल्या रुग्णाला तो चांगला. हात स्वच्छ ठेवण्याची शिस्त मात्र हवी, नाहीतर पोटात संसर्ग होतो. हा पर्याय फारसा सांगितला जात नाही, म्हणून तुम्हीच विचारा. आणि रुग्ण ऐंशीच्या पुढचा, इतर आजारांनी जर्जर असेल, तर डायलिसिस न करता औषधांनी त्रास कमी ठेवणे हाही सन्मानाचा पर्याय आहे. तुमच्या वडिलांना तो लागू नाही, ते ५८ चेच आहेत.

त्यांच्यासाठी सर्वांत चांगला उपाय प्रत्यारोपण, आणि त्याचा विचार डायलिसिस लागल्यावर करायचा ही समजूतही सोडा. हृदय आणि पायांच्या रक्तवाहिन्या ठीक असतील आणि घरात दाता असेल, तर डायलिसिस सुरू होण्याआधीच प्रत्यारोपण करता येते, आणि तेच सर्वांत चांगले. जगातले पहिले यशस्वी किडनी प्रत्यारोपण बोस्टनमध्ये २३ डिसेंबर १९५४ रोजी जुळ्या भावांत झाले. आज ती रोजची शस्त्रक्रिया आहे. नवी किडनी ओटीपोटात बसवतात, जुन्या बहुधा तशाच ठेवतात. शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट यांसारख्या गोळ्या आयुष्यभर, वेळेवर घ्याव्या लागतात. एकही चुकवून चालत नाही. घरच्या दात्याची किडनी चांगली चालली तर पंधरा-वीस वर्षेही साथ देते.

१९९४ चा कायदा आणि २०११ ची दुरुस्ती यांनुसार आईवडील, भावंडे, मुले, पती-पत्नी, आजी-आजोबा आणि नातवंडे हे जवळचे नातेवाईक म्हणून देऊ शकतात. इतरांसाठी प्राधिकार समितीची मंजुरी लागते आणि पैशांचा व्यवहार गुन्हा आहे. रक्तगट जुळत नसेल तर दुसऱ्या कुटुंबाशी अदलाबदलीचे प्रत्यारोपण होते. घरात कोणीच नसेल तर मेंदूमृत दात्याच्या किडनीसाठी रुग्णालयामार्फत विभागीय समन्वय केंद्रात नाव नोंदवतात. राज्यात मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे ती आहेत. प्रतीक्षा वर्षांची असते, म्हणून नोंदणीची चौकशी आत्ताच करा.

इथे मनापासून एक विनंती. आपल्याकडे जिवंत दात्यांत बहुसंख्य बायका असतात आणि घेणाऱ्यांत बहुसंख्य पुरुष. तुमच्या आई "माझी घ्या" म्हणतील. त्यांना देता येते आणि नीट तपासलेली दात्री एका किडनीवर चांगले आयुष्य जगते, तरी धोका शून्य नसतो आणि दरवर्षी बीपी-लघवीची तपासणी लागतेच. त्यांचा होकार त्यांच्या मनाचा आहे का, हे डॉक्टरांनी त्यांना एकटीला विचारले पाहिजे, आणि तुम्ही तशी संधी मिळवून द्या. आईच्या आधी तुम्ही भावंडांनी आणि काकांनीही स्वतःची तपासणी करावी, म्हणजे सगळे ओझे त्यांच्यावर गृहीत धरले जाणार नाही.

पैशांचे बोलायलाच हवे. प्रधानमंत्री राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम २०१६ च्या अर्थसंकल्पात जाहीर झाला, आणि त्यामुळे अनेक जिल्हा रुग्णालयांत डायलिसिसची सोय झाली आहे. महात्मा ज्योतिराव फुले जनआरोग्य योजनेत डायलिसिस बसते, आणि प्रत्यारोपणासाठीची मर्यादा अडीच लाखांवरून साडेचार लाख करण्यात आली आहे. धर्मादाय रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. शिधापत्रिका, आधार, उत्पन्नाचा दाखला आत्ताच जमवा. रुग्ण अतिदक्षता विभागात असताना तहसील कार्यालयाच्या फेऱ्या मारणाऱ्या मुलांचे हाल बघवत नाहीत.

राहिली तुमची तपासणी. वडिलांना मधुमेह आहे, म्हणजे तुम्हा भावंडांना त्याचा आणि किडनीच्या आजाराचा धोका इतरांहून जास्त. उपाशीपोटी साखर, बीपी, क्रिएटिनिनवरून ईजीएफआर आणि सकाळच्या लघवीतले अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर, एवढ्या चारच तपासण्या वर्षातून एकदा करा. यातली शेवटची सर्वांत कमी केली जाते, आणि क्रिएटिनिन वाढायच्या कित्येक वर्षे आधी तीच बोलते. ३० च्या खाली असेल तर ठीक. ३० ते ३०० मध्ये असेल तर तीन महिन्यांत पुन्हा तपासा, आणि तेवढीच आली तर औषध सुरू करण्यासाठी किडनीच्या डॉक्टरांना भेटा. ३०० च्या वर असेल तर वाट न बघता जा. तेव्हा तुमचे क्रिएटिनिन कदाचित ०.९ असेल आणि लॅबच्या कागदावर त्यापुढे 'नॉर्मल' लिहिलेले असेल, तरीही जा.